बुडणाऱ्यांची चित्रं



मी विषय कळवला तेव्हा तुमच्या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. जपानी चित्रं? आरमारी लढायांची? आणि ती वसई तालुक्यातल्या वटारला? मी म्हटलं, वटारलाच. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, ते भूगोल शिकवताना नकाशा आधी समुद्राकडून वाचायला लावत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मीही आज समुद्राकडूनच सुरुवात करतो.

जपान आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला एक मुलगा जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला. पुढं त्यानं व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानच्या किनाऱ्यावर उतरला. तोयोतोमी हिदेयोशी हा तिथला सर्वसत्ताधीश. त्याच्यापुढं आपल्या वरिष्ठांचं म्हणणं जपानीत मांडायचं, हे या वसईकराचं काम. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्याला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. संत गोन्सालो गार्सिया. वसईतल्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे, तुमच्यातले काही जण तिथेच शिकले असतील. आणि हाच हिदेयोशी त्या वर्षांत कोरियावर जहाजं पाठवत होता आणि यी सुन-शिन नावाचा कोरियन सेनापती ती जहाजं बुडवत होता. म्हणजे आपला वसईकर एका आरमारी युद्धाच्या ऐन काळात त्या दरबारात उभा होता. हा धागा एवढाच. तो मी फार ताणणार नाही.

मला आज एकच प्रश्न विचारायचा आहे. समुद्रात लढाई झाली, जहाजं बुडाली, पाण्यानं सगळं मिटवून टाकलं. जमिनीवर रणांगण उरतं, हाडं उरतात, बुरूज उरतात. समुद्रात काय उरतं? काहीच नाही. मग त्या लढाईचं चित्र कोण काढतो, कुणासाठी काढतो, आणि त्यात बुडालेल्या माणसाला जागा मिळते का?

आधी जपानी ठसेचित्र होतं कसं, ते सांगतो. शाळेत आपण सगळ्यांनी भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर ठसे उठवलेत. तत्त्व तेच. फक्त भेंडीच्या जागी चेरीच्या झाडाची फळी, आणि एका चित्रामागं चार माणसं. प्रकाशक पैसे घालतो. चित्रकार पातळ कागदावर रेषाचित्र काढतो. तो कागद फळीवर पालथा चिकटवतात आणि कोरणारा त्या कागदासकट लाकूड कोरतो. म्हणजे मूळ चित्र तिथंच संपलं! पुढच्या हजारो प्रती निघतात त्या या नष्ट झालेल्या चित्राच्या. मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. आठ रंग असतील तर आठ वेळा कागद मांडायचा, आणि दर वेळी केसभरही सरकता कामा नये. त्यासाठी फळीच्या एका कोपऱ्यात आणि एका कडेला अशा दोन खाचा असतात, कागद त्या खाचांत टेकवायचा. छापखान्याचं यंत्र नाही. बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीनं कागदाच्या पाठीवर घासायचं, झालं छापून. छापणाऱ्याच्या दंडात काय ताकद लागत असेल, बघा.

कागदाचा आकार ठरलेला, साधारण पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि सदतीस उंच. समुद्र एवढ्यात मावतो का? नाही मावत. म्हणून तीन कागद शेजारीशेजारी लावायची पद्धत. पाऊण मीटर रुंदीचं चित्र तयार. डावीकडं शत्रू, उजवीकडं आपण, मध्ये पाणी. आरमारी लढाईसाठी ही तीन पानांची मांडणी जणू करूनच ठेवलेली होती.

होकुसाईची लाट तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. नाव माहीत नसेल, पण कॅलेंडरवर, पिशवीवर, मोबाइलच्या पडद्यावर ती निळी, नखं काढून आलेली लाट पाहिलेली आहे. १८३१ च्या सुमाराची. तो निळा रंग युरोपातून आलेला, तेव्हा नवाच. ते चित्र मी एकदा अर्नाळ्याच्या एका तांडेलाला दाखवलं. मला वाटलं, तो लाटेबद्दल बोलेल. त्यानं लाटेकडं ढुंकूनही पाहिलं नाही. होड्यांवर बोट ठेवून म्हणाला, "तोंड बरोबर लाटेकडं आहे. माणसं वाकून बसलीत. हे घाईत आहेत, मासळी आहे यांच्याकडं." आणि खरंच, त्या होड्या ताजी मासळी राजधानीला पोचवणाऱ्या वेगवान होड्या आहेत, हे जाणकारांनी लिहून ठेवलंय. मी ते पुस्तकात वाचलं होतं. त्याला ते पुस्तकाशिवाय दिसलं. तेव्हापासून मी अशा चित्रांत आधी वल्हेकरी शोधतो. आजही तेच करू.

आता लढाईकडं.

जपानी माणसाच्या मनात एक समुद्रयुद्ध कायमचं घर करून आहे. दान-नो-उरा, वर्ष ११८५. ताइरा आणि मिनामोतो ही दोन घराणी, आणि एक अरुंद सामुद्रधुनी. भरतीओहोटीचा प्रवाह फिरला आणि ताइरांची बाजू ढासळली. त्यांच्याकडं सम्राट होता. सम्राट म्हणजे काय, सहा-सात वर्षांचं पोर. आंतोकू त्याचं नाव. सगळं हरलं हे कळल्यावर आजीनं नातवाला कवटाळलं आणि पाण्यात उडी घेतली. राजचिन्ह असलेली तलवारही समुद्रात गेली ती गेलीच. त्या भागात एक खेकडा मिळतो, त्याच्या पाठीवर रागावलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारख्या रेघा असतात. लोक म्हणतात, हे बुडालेले ताइरा. कोळी असे खेकडे परत पाण्यात सोडतात, असंही सांगतात.

या हरलेल्यांची चित्रं जपाननं शतकानुशतकं काढली. का? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. तोकुगावा राजवटीत, म्हणजे १८६८ पर्यंत, चालू घडामोडी आणि अलीकडच्या सरदार घराण्यांची नावं चित्रात आणायला बंदी होती. मग चित्रकार काय करणार? सहाशे वर्षांपूर्वीची लढाई काढणार. जुनी गोष्ट सांगितली की सरकारला आक्षेप घेता येत नाही आणि लोकांना हवं ते कळतं. आपल्याकडं नाटकवाल्यांनी इंग्रजांच्या राज्यात कीचक रंगमंचावर आणला आणि लोकांनी त्यात कर्झन पाहिला. ही युक्ती सगळीकडं सारखीच!

कुनियोशी या चित्रकाराचं एक तीनपानी चित्र आहे, १८५० च्या आसपासचं. युद्ध संपून गेलंय. जिंकलेला मिनामोतो योशित्सुने जहाजातून चाललाय, वादळ उठलंय, आणि समुद्रातून बुडालेले ताइरा उभे राहताहेत. त्यांना रंग नाहीत. नुसत्या करड्या सावल्या, शिरस्त्राणांच्या शिंगांसकट. जहाज रंगीत, माणसं रंगीत, लाटा निळ्या, आणि मेलेले फक्त करडे. खालून लाट येते आणि वरून हे. जिंकणारा जहाजात अडकलाय आणि बुडालेले मोकळे आहेत. मला विचाराल तर समुद्रयुद्धाचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही, आणि त्यात युद्ध नाहीच.

मग काळ बदलला. १८६८ नंतर नवं सरकार आलं, जुनी बंदी सैल झाली, पोलादी जहाजं आली. १८९४ मध्ये जपान आणि चीन यांच्यात युद्ध पेटलं. त्याच साली आपल्या मुंबईत राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना सुरू झाला, हे सहज आठवलं म्हणून सांगतो. आपल्याकडं घराघरांत लक्ष्मी-सरस्वती पोचत होत्या आणि तिकडं घराघरांत युद्धनौका. दहाएक महिन्यांत जपानमध्ये युद्धाची सुमारे तीन हजार वेगवेगळी ठसेचित्रं निघाली, असा अंदाज आहे. रोज सरासरी दहा! दुकानांपुढं गर्दी उसळत होती. बहुतेक चित्रकारांनी रणांगण पाहिलेलंच नव्हतं. ते वर्तमानपत्र वाचत आणि चित्र काढत. बातमी आली की काही दिवसांत फळ्या कोरून तयार.

१७ सप्टेंबर १८९४ रोजी पीत समुद्रात दोन्ही आरमारं भिडली. चीननं पाच जहाजं गमावली. कोबायाशी कियोचिका या चित्रकारानं या लढाईचं जे चित्र काढलं, त्याबद्दल मला जरा सावकाश बोलायचं आहे. चित्राच्या वरच्या भागात नेहमीचं दृश्य आहे. जहाजं, धूर, उसळणारं पाणी. पण कियोचिकानं समुद्र सुरीनं कापल्यासारखा उभा कापला. वर पाण्याचा पृष्ठभाग, आणि खाली पाण्याच्या आतलं जग. तिथं जहाज तळाकडं चाललंय आणि माणसं बुडताहेत, हातपाय पसरून. छायाचित्रकार तिथं जाऊ शकत नव्हता, बातमीदार जाऊ शकत नव्हता. ठसेवाला गेला.

हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो. वाटलं, वा, बुडणाऱ्याकडं पाहणारा चित्रकार मिळाला. मग दुसऱ्यांदा नीट पाहिलं. बुडणारे सगळे चिनी आहेत. त्यांना नाव नाही, चेहराही जेमतेम. ती माणसं तिथं करुणेसाठी नाहीत, पुरावा म्हणून आहेत. बघा, किती खोल बुडवलं!

त्या लढाईतले जपानी कसे दिसतात? मात्सुशिमा या जपानी प्रमुख नौकेवर एक खलाशी जबर जखमी झाला होता. प्राण जाता जाता त्यानं अधिकाऱ्याला विचारलं म्हणे, शत्रूचं ते मोठं जहाज अजून बुडालं नाही का? ही गोष्ट देशभर पसरली, तिच्यावर गाणं झालं, ती शाळांमधून पोरांच्या तोंडी गेली. त्या खलाशाला नाव मिळालं, चेहरा मिळाला, शेवटचा शब्द मिळाला. पाण्याखालच्या चिन्याला यातलं काही मिळालं नाही. आणि आणखी एक. या चित्रांमधले जपानी उंच, गोरे, युरोपी गणवेशातले. चिनी भडक कपड्यांतले, शेंड्या उडवत पळणारे. समुद्रापलीकडचा शेजारी, ज्याच्याकडून लिपी घेतली, धर्म घेतला, त्याला एका वर्षात विदूषक करून टाकलं. हात कसलेले, रंग अप्रतिम, संध्याकाळचा उजेड तर असा की पाहत राहावं. कला थोर असली की तिचं खोटं जास्त काळ टिकतं, ही मला या चित्रांची भीती वाटते.

दहा वर्षांनी रशियाशी युद्ध झालं. २७ आणि २८ मे १९०५, त्सुशिमाची लढाई, ॲडमिरल तोगो. एका आशियाई देशानं युरोपी आरमार बुडवलं म्हणून इकडं पुण्या-मुंबईतही लोक हरखून गेले होते. पण तोवर ठसेचित्राचा बाजार उठला होता. छायाचित्रं आली, पोस्टकार्डं आली. चेरीच्या फळ्या मागं पडल्या. तो भाग इथंच सोडतो.

आता परत घरी येऊ. आपल्याकडं असं काही आहे का? समुद्रातल्या लढाईचं आपल्या माणसांनी, आपल्या हातांनी केलेलं चित्र?

आहे. आणि ते तुमच्यातले निम्मे लोक रोज लोकलनं ओलांडून जातात. नालासोपारा, वसई रोड, नायगाव, भाईंदर, मिरा रोड, दहिसर, बोरिवली. बोरिवली पश्चिमेला एकसर गाव आहे. आता तिथं मेट्रोचं स्थानकही आहे, एकसर नावाचंच. तिथं वीरगळ आहेत. ओळीनं उभ्या केलेल्या शिळा, काही माणसाहून कितीतरी उंच. काहींवर जमिनीवरची लढाई आहे, आणि काहींवर समुद्रातली. उंच नाळेची गलबतं, डोलकाठ्या, एका बाजूनं ओळीत बाहेर आलेली वल्ही, धनुष्यबाण घेतलेली माणसं, आणि गलबतांवरून पाण्यात कोसळणारी माणसं.

वीरगळ वाचायचा तो खालून वर. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण. त्याच्या वर अप्सरा त्या वीराला घेऊन चालल्यात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय. अगदी वर कलश. गावोगावी असे वीरगळ आहेत, पण ते बहुतेक गाईगुरं वाचवताना किंवा गावाच्या वेशीवर मेलेल्यांचे. जहाजांचे वीरगळ थोडे. गोव्यात आहेत, तिथल्या संग्रहालयात ठेवलेत. आपल्या उत्तर कोकणात एकसर.

ही लढाई कोणती? १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या शिळांचं तपशिलानं वर्णन आहे. तिथं त्या अकराव्या शतकाच्या मानल्या आहेत. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी त्यांचा संबंध १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी जोडला. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर, आणि देवगिरीचा महादेव यादव. यादवांकडं हत्तींचं बळ. जमिनीवर निभाव लागेना तेव्हा सोमेश्वर आपल्या आरमारासह समुद्रात उतरला. आणि समुद्रातच संपला.

हे आपल्याला कुणी सांगितलं? हेमाद्रीनं. म्हणजे आपला हेमाडपंत, ज्याच्या नावानं आपण दगडी देवळं ओळखतो. तो महादेव यादवाचा मंत्री. त्यानं आपल्या धन्याच्या प्रशस्तीत लिहिलं की सोमेश्वरानं महादेवाच्या कोपापेक्षा समुद्रातला वडवानल बरा मानला. मार्मिक आहे, नाही? पण कुणाच्या तोंडची आहे ते बघा. बुडालेल्या राजाबद्दल बुडवणाऱ्याच्या प्रधानानं केलेली कोटी. शिलाहारांच्या शेवटाची आपल्याकडं उरलेली गोष्ट ती एवढीच.

आता शेजारीशेजारी ठेवा. ११८५, बाल सम्राट आंतोकू समुद्रात. १२६५ च्या सुमाराला, सोमेश्वर समुद्रात. मध्ये जेमतेम ऐंशी वर्षं. आंतोकूच्या बाजूनं भिक्षूंनी वाद्यावर गायलं, नाटकं झाली, चित्रं झाली, खेकड्यांच्या पाठीवर चेहरे दिसले. आपल्या सोमेश्वराचं भूत कुणाच्या गलबतापुढं उभं राहिलं? वसई-सोपाऱ्याच्या कुठल्या आजीनं त्याची गोष्ट सांगितली? मी विचारत फिरलो, मला कुणी सांगितली नाही. मला याचा राग यायचा. आपल्याला हरलेल्यांची आठवण ठेवता येत नाही, असं मी एका लेखात लिहूनही टाकलं होतं.

ते वाक्य मी आज मागं घेतो. कारण एकसरच्या शिळा उभ्याच आहेत. त्यांवर वाचता येईल असं नाव नाही. कोण मेला, कुणाच्या बाजूनं मेला, दगड सांगत नाही. तो एवढंच सांगतो की इथं माणसं पाण्यात पडली आणि त्यांना वर नेलं. कियोचिकानं समुद्र कापून खाली पाहिलं, तिथं त्याला पराभूत शत्रू दिसला. एकसरच्या पाथरवटानं पाण्यात पडणारा माणूस खाली कोरला आणि तोच माणूस दोन चौकटी वर पुन्हा कोरला, देवापुढं बसलेला. जपानी चित्र विकण्यासाठी होतं. युद्ध संपलं, भाव उतरला, कागद रद्दीत गेला, उरला तो संग्रहालयांत. ही शिळा विकण्यासाठी नव्हती. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलं होतं.

आणि ती टिकली कशी? पुरातत्त्ववाल्यांनी नव्हे, गावकऱ्यांनी टिकवली. त्यांना ती लढाई माहीत नव्हती, शिलाहार माहीत नव्हते. दगडावर माणसं आहेत, म्हणजे देव आहे. शेंदूर लावला, फूल वाहिलं. अभ्यासक म्हणतात, शेंदरानं कोरीवकाम बुजतं. खरं आहे, बुजतं. पण ज्या शिळांना शेंदूर लागला नाही त्यांचं आपल्या गावांत काय झालं, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? कपडे धुवायला गेल्या, पायरीला गेल्या, पायाभरणीत गेल्या.

याच विषयात वसईचं एक बोलायला हवं, आणि जपून बोलायला हवं, कारण या सभागृहात दोन्हीकडची माणसं बसली आहेत. १७३७ ते १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम. ती अर्नाळ्यापासून वसईपर्यंत आपल्या डोळ्यांपुढच्या किनाऱ्यावर घडली. त्याआधी १५३४ पासून इथं पोर्तुगीज. पोर्तुगीजांनी चित्रं काढली. आपल्या आरमारांची चित्रमय पुस्तकं केली, १६३५ मध्ये बोकारूच्या ग्रंथात वसईच्या कोटाचा आराखडा आला. मराठ्यांनी बखरी लिहिल्या, पत्रं लिहिली, चित्र काढलं नाही. आपण घंटा आणल्या. वसईच्या चर्चमधल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराला आजही आहेत. ज्या गावाचा तो आवाज होता तिथं तो ऐकू येत नाही, आणि जिथं ऐकू येतो तिथं तो कुठला ते फारसं कुणी विचारत नाही. विजयाचं हेही एक चित्रच, कानांनी पाहायचं. तुमच्यातल्या कुणाच्या पूर्वजांनी ती घंटा जिंकली असेल आणि कुणाच्या पूर्वजांनी ती गमावली असेल. नंतर दोघांच्या वाड्यांत तीच केळी लागली, तीच पानवेल चढली. वसईच्या लढाईचा तीनपानी ठसा कुणी कोरला असता, तर डावीकडं कुणाला ठेवलं असतं आणि उजवीकडं कुणाला, हे मला अजून सुचलेलं नाही.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळाकडं पाहताहेत. एकसरला जाणार असाल तर एक सूचना. सकाळी किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरकं पडतं तेव्हा उठाव दिसतो, दुपारी सगळं सपाट होतं. खडूनं रेषा ठळक करून फोटो काढू नका, काही हौशी लोक करतात. तिथं कुणी फूल वाहत असेल तर त्यांचं होईपर्यंत थांबा. मग खाली वाका, अगदी तळाच्या चौकटीकडं, आणि एका गलबताची वल्ही मोजायला सुरुवात करा. मी चार वेळा मोजलीत. दर वेळी आकडा वेगळा येतो.